भुवईतली खाच

हे लिहायचं रेघोट्याने जवळजवळ टाळलंच होतं. मोबाइलवर चार ओळी टाइप करायचा, वाचायचा, पुसून टाकायचा. लाज वाटत होती म्हणून नाही, भीती वाटत होती. जिवंत माणसाला जसाच्या तसा कशावर उतरवला की काय होतं, ते त्याने एकदा पाहिलं होतं. पण नाही लिहिलं तर पुढे आपल्यालाच हे खरं वाटणार नाही, हेही कळत होतं.

तर घ्या. झालं ते असं.

रेघोट्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नाही. टपालाची तिकिटं छापणाऱ्या छापखान्यात पडलेलं. चित्रकलेच्या शाळेची पायरी तो कधी चढला नव्हता. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता हात बसला आणि चेहरे जमायला लागले. असे जमायचे की लोक बघून गप्प व्हायचे. त्याचा त्याला माज होता, थोडा. थोडा म्हणजे बराच.

छापखान्यात चेहऱ्याचं चित्र रेघोट्या काढायचा आणि ते पोलादी ठशावर कोरायचे तात्या. तिकिटाएवढा ठसा, त्यावर भिंगातून बघत केसाएवढ्या रेघा खणायच्या, त्याही उलट्या. डावा कान उजवीकडे, उजवा डावीकडे. कागदावर उमटताना सगळं सुलट होतं. तात्यांचा अख्खा जन्म असा आरशात गेलेला. बोलायचे कमी. रेघोट्याच्या चित्रावर नुसतं "हं" म्हणायचे, आणि त्या एका हंकाराने हा दिवसभर हवेत असायचा.

तिकिटांचा एक नियम सगळ्यांना पाठ होता. तिकिटावर जिवंत माणूस येत नाही. कितीही मोठा असो, आधी जायला हवं, मग तिकीट.

त्या वर्षी पूलवाल्याचं तिकीट काढायचं ठरलं. नदीवरचा जुना पूल ज्याने बांधला तो. होऊन कैक पिढ्या लोटल्या. शाळेत त्याच्यावर धडा होता, चौकाला त्याचं नाव होतं, पण चित्र एकही नव्हतं. शेवटची कमान बसवताना पाण्यात पडला आणि सापडलाच नाही. त्याच्याबद्दल लोक दोनच गोष्टी सांगत आले होते. एक भुवई मधोमध तुटलेली होती, आणि हसायचा तोंडाच्या एकाच बाजूने.

मोठे साहेब म्हणाले, चेहरा पाहिजे, कुठूनही आण.

रेघोट्याला लांब जावं लागलं नाही. टपाल कचेरीच्या भिंतीला टेकून एक पत्र्याची टपरी होती. तिच्यात बसून त्याचा लहानपणापासूनचा दोस्त किल्ल्या बनवायचा. सायकलचा ब्रेक न दाबता उतार उतरायची पैज त्याने लहानपणी लावली होती. पैज जिंकला आणि डावी भुवई कायमची दुभंगली. तेव्हापासून तो खाच्या. आणि हसायचाही एकाच बाजूने, कारण दुसऱ्या बाजूला कायम एक खिळा नाहीतर किल्ली धरलेली असायची.

रेघोट्याने विचारलं तेव्हा खाच्या म्हणाला, "म्हणजे अख्खा गाव माझ्या पाठीला थुंकी लावणार?"

"आणि तोंडावर शिक्का मारणार."

"मग काढ. सासरी नाही तर नाही, कुठे तरी मान मिळतोय."

सासर वगैरे काही नव्हतं, लग्न कुठे झालं होतं. पण त्याचं बोलणं तसंच.

तीन दुपारी रेघोट्या टपरीसमोर स्टुलावर बसला. खाच्या किल्ल्या घासत होता, लोखंडाचा भुगा उडत होता, गिऱ्हाइकं येत-जात होती. चित्र झालं. खाच्याच्या आईने ते पाहिलं आणि तिचा हात आपसूक गालाकडे गेला, कागदावरच्या. रेघोट्या तिला मावशी म्हणायचा. मावशी म्हणाली, आता हाक मारली तर ओ देईल हा.

तात्यांनी ठसा कोरायला घेतला. तो संपवून ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले. पहिला कच्चा छाप निघाला तो रेघोट्याच्या हातात आला.

त्याने भिंग लावलं. खाच उजव्या भुवईत होती.

बाकी सगळं अचूक. नाक, ओठ, कानाची पाळी, सगळं जिथल्या तिथे. फक्त खाच चुकीच्या बाजूला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचे डोळे गेले. एवढा एक तुकडा उलटवायचा राहिला. हे साहेबांना सांगायचं म्हणजे निवृत्तीच्या तोंडावर तात्यांची नाचक्की. आणि, खरं सांगायचं तर, आपलं चित्र चुकीचं छापलं जाणार हे त्याला सहन झालं नसतं.

तात्यांच्याकडे बसून तो कोरायला थोडंफार शिकला होता. त्याने त्यांची कोरणी घेतली. ज्या भुवईत खाच होती तिथे बारीक केस कोरून ती भरून काढली. दुसऱ्या भुवईतल्या रेघा घासून, मागून हलकेच ठोकून, सपाट केल्या. परत छाप काढला. आता तिकिटातून खाच्या बघत होता. तंतोतंत. रेघोट्या स्वतःशीच म्हणाला, हं.

छपाई सुरू झाली.

पहिला धक्का छापखान्याच्या दारावर बसला. खाच्या कोठाराच्या कुलपाची नवी किल्ली द्यायला आला होता. दारावरचा शिपाई त्याला चांगला ओळखायचा, रोज अडवून तंबाखू मागायचा. त्या दिवशी अडवलंच नाही. नुसता बघत राहिला, म्हणजे खाच्याकडे नाही, खाच्या होता त्या जागेकडे. मग रेघोट्याला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "तुझा तो किल्लीवाला. चांगला माणूस होता रे."

खाच्या दोन हात अंतरावरच उभा होता. फिस्सकन हसला. म्हणाला, याला आज तंबाखू जास्त झाली. रेघोट्याही हसला. पण शिपाई हसला नाही. त्याच्या टेबलावर, काचेखाली, पूलवाल्याच्या तिकिटांचा एक रद्द कागद लावलेला होता.

मग प्रकाशनाचा कार्यक्रम. टपाल कचेरीच्या मोठ्या खोलीत, खुर्च्या मांडून, भाषणं करून. भिंतीवर तिकिटाची माणसाएवढी प्रत टांगलेली. खाच्या इस्त्रीचा शर्ट घालून मावशीला घेऊन आला होता. साहेबांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या. मावशी त्या चेहऱ्याकडे बघतच राहिली. हसत होती, मग हसता हसता तिचा चेहरा हळूहळू उतरला, एखादी गोष्ट आत्ता आठवावी तसा.

परत जाताना ती मधे चालत होती, एका बाजूला रेघोट्या, एका बाजूला खाच्या तिची पिशवी घेऊन. गल्लीच्या तोंडाशी ती रेघोट्याला म्हणाली, "येत जा रे बाबा अधूनमधून. आता घरात माझ्याशी बोलायला आहेच कोण."

खाच्याच्या हातातली पिशवी खाली पडली. तिने ती उचलली, धूळ झटकली, आणि एकटी आत गेली.

तिथून पुढे तिकीट जसं जसं गावात पसरत गेलं, तसा खाच्या गावातून जात राहिला. नाहीसा झाला असता तरी परवडलं असतं. तो होता. टपरीत बसलेला होता, यंत्र फिरत होतं, भुगा उडत होता. पण टपाल कचेरीतून बाहेर पडणारा माणूस टपरीपाशी जरा थबकायचा, मान हलवायचा, च्च करायचा आणि पुढे जायचा. न्हाव्याने खुर्चीत बसलेल्या खाच्याला तसाच ठेवून दुसरं गिऱ्हाईक बोलावलं. ते गिऱ्हाईक मांडीवर येऊन बसणार तेवढ्यात खाच्या उठला म्हणून बरं. घरी मावशीने त्याचे कपडे घडी घालून कुणाला तरी देऊन टाकले. ताट एकच वाढायला लागली. तो समोर बसून तिच्या ताटातलं खायचा. तिला वाटायचं, हल्ली आपल्याला भूक फार लागते.

आधी खाच्या थट्टा करायचा. म्हणायचा, भूत झाल्याचे फायदे आहेत, उधारीवाले विचारत नाहीत. मग थट्टा कमी झाली. एके दिवशी रेघोट्या गेला तर तो नुसता बसला होता. यंत्र बंद. कानशिलापासून ओठापर्यंत गालावर एक काळसर वळण उमटलं होतं, गोल शिक्क्याची कड असावी तसं. रेघोट्याने अंगठ्याने पुसायला बघितलं. गेलं नाही. गाल गार होता.

"एक विचारू?" खाच्या म्हणाला. "एवढे लोक म्हणतायत. आई म्हणते. ती कशाला खोटं बोलेल?"

"गप बस. काहीतरी बडबडू नकोस."

"नाही, बघ ना. मला त्या पुलाखालचं पाणी आठवायला लागलंय. वरून नाही. खालून."

 रेघोट्या काहीतरी बोलला, समजूत घातली, निघून आला.

पण खरी तंतरली ती त्यानंतर. भर दुपारी तो टपाल कचेरीवरून चालला होता, डोक्यात कामाचे विचार. टपरीवरून गेला. टपरी बंद होती. मनात आलं, हिच्यात आपला एक दोस्त बसायचा. हळहळ वाटली. वळणापर्यंत गेला आणि गचकन थांबला. तो मागे धावला. टपरी उघडी होती. सताड. खाच्या आत बसला होता आणि त्याच्याकडेच बघत होता. त्याने हाक मारली नव्हती. मारून उपयोग काय, असा चेहरा.

तिथून रेघोट्या थेट तात्यांच्या घरी गेला.

तात्या खिडकीपाशी बसले होते, एका डोळ्यावर पट्टी. रेघोट्याने धापा टाकत सगळं सांगितलं. वाटलं होतं हसतील. हसले नाहीत. तिकीट मागितलं. उजेडात धरलं, उघड्या डोळ्याजवळ नेलं, मग भुवईवरून नख फिरवलं.

"सुधारलंस," ते म्हणाले.

रेघोट्याने मान खाली घातली. तात्यांचे डोळे दुखत होते, चूक राहिली असेल असं वाटलं, वगैरे पुटपुटला.

"चूक राहिली नव्हती. ठेवली होती." तात्यांनी बायकोला हाक मारली. त्या आतून हात पुसत आल्या. तात्यांनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवलं. जुनं तिकीट, मुकुट घातलेली कुठल्याशा काळातली राणी. रेघोट्याने ते शंभरदा पाहिलं होतं. आज त्याने राणीकडे पाहिलं, मग काकूंकडे. तेच डोळे, तीच जिवणी. फक्त हनुवटीवरचा तीळ, काकूंचा या बाजूला, राणीचा त्या बाजूला.

काकू म्हणाल्या, "राणी केलं मला, पण भांडी काही दुसऱ्या कुणी घासली नाहीत हो."

त्या परत आत गेल्यावर तात्या बोलले. इतकं बोलताना रेघोट्याने त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ज्यांचा चेहरा कुणालाच माहीत नाही त्यांना कुणा जिवंताचा चेहरा उसना द्यावा लागतो. सगळे देतात. पण तिकिटावर जिवंत माणूस येत नाही. म्हणजे येऊ नये असं नाही, येतच नाही. जो येतो तो जिवंत राहत नाही. म्हणून उसन्या चेहऱ्यात एक चूक ठेवायची. एकच, पण ठळक. त्या चुकीतून तो माणूस बाहेर राहतो. तात्यांना हे त्यांच्या गुरूंनी सांगितलं होतं, तात्या रेघोट्याला पुढे कधीतरी सांगणार होते. आधी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतास का, असं त्यांनी विचारलं. 

छपाई थांबवू, तो म्हणाला. साहेबांच्या पाया पडतो. तिकिटं परत मागवू.

"पाकिटांवरून परत मागवणार? छापलेलं खोडता येत नसतं." तात्यांनी तिकीट त्याच्या हातात परत दिलं. "ठशातली चूक तू काढलीस. ती कुठेतरी ठेवायला पाहिजे. आता जागा एकच उरलीय."

रेघोट्याला कळलं.  तो म्हणाला, तुम्ही करा. तात्यांनी पट्टीकडे बोट दाखवलं. म्हणाले, दोन्ही डोळे असते तरी मी नसतं केलं. ज्या हाताने भरली त्याच हाताने खणायची. त्यांनी उशाखालून कापडात गुंडाळलेली त्यांची जुनी कोरणी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. धार बघू नकोस, धार आहे, एवढंच म्हणाले.

रेघोट्या टपरीवर पोचला तेव्हा टपाल कचेरी सुटत होती. लोक टपरीला वळसा घालून चालले होते. एक जण पट्टी घेऊन टपरीची मापं घेत होता, रिकामी जागा भाड्याने घ्यायची म्हणून. त्याने फळीवरून हात घालून आतलं माप घेतलं, पट्टी खाच्याच्या छातीला टेकली, आणि त्याने तो आकडा बोटांवर धरला आणि गेला.

रेघोट्याने हाक मारली. खाच्याने ओ दिली नाही. गालावरची वळणं वाढली होती, एकावर एक, कपाळापर्यंत. त्यांच्यामधून उजवी भुवई दिसत होती, अखंड, दाट, एक केस इकडचा तिकडे नाही. रेघोट्याने स्वतः कोरली होती तशी.

"मी तुझ्या तोंडावर कोरणार आहे," तो म्हणाला. "दुखेल."

खाच्याच्या डोळ्यांत किंचित काहीतरी हललं. "दुखेल?" त्याने विचारलं. हे त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

  रेघोट्याने डाव्या हाताने दोस्ताचं डोकं टपरीच्या पत्र्याला टेकवलं, कोरणी भुवईच्या मधोमध लावली आणि दाबली.

कातडी उघडली. रक्त आलं नाही. चिरेच्या आत काहीच नव्हतं, लाल नाही, पांढरं नाही, नुसता कागदासारखा कोरडा रंग.  रेघोट्याने डोळे मिटले नाहीत. ठशावर जशी एक रेघ पुरती करतात तशी त्याने ती पुरती केली, वरून खालपर्यंत, न उचलता. मग कोरणी काढून घेतली आणि वाट बघितली.

वाट बघितली.

मग एक थेंब आला. भुवईच्या टोकाशी लोंबला. त्याच्यामागून दुसरा, आणि मग धारच लागली, डोळ्यात, गालावर, त्या काळ्या वळणांवरून. जिथून रक्त गेलं तिथली वळणं पुसली गेली.

"आयला," खाच्या कपाळ धरून ओरडला. "डोळा फोडतोस का काय भडव्या."

रेघोट्या मटकन खाली बसला आणि रडायला लागला. फळीच्या पलीकडे एक बाई थांबली होती. तिने आधी रक्ताकडे पाहिलं, मग खाच्याकडे, आणि कुरकुरत म्हणाली, "किती दिवस झाले हो, दुकान बंद ठेवता. आमच्या कपाटाची किल्ली करायची होती."

मावशीने दार उघडलं तेव्हा दोघं एकमेकांना धरून उभे होते, रेघोट्याचा रुमाल खाच्याच्या भुवईवर. ती क्षणभर नुसती बघत राहिली. रेघोट्याचा जीव टांगणीला लागला. मग तिने मुलाच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. म्हणाली, एक भुवई फोडून पोट भरलं नव्हतं का, ही दुसरी कुठे फोडून आलास, आणि हा रेघोट्या बरोबर असला की असंच होतं. इतकी बोलली, इतकी बोलली की शेजारची दारं उघडली. खाच्या उंबऱ्यात उभा राहून ते सगळं ऐकत होता, एका बाजूने हसत. एवढ्या आनंदाने शिव्या ऐकताना रेघोट्याने कधी कुणाला पाहिलं नव्हतं.

त्याचे कपडे कुणाला दिले ते मात्र मावशीला आठवेना. का दिले तेही नाही. महिनाभर तो रेघोट्याचे शर्ट घालत होता.

सगळंच भरून आलं असं नाही. छापखान्याचा शिपाई अजून त्याला बघून आधी दचकतो, मग तंबाखू मागतो. टपालाची गाडी भरून निघाली की खाच्याचा गाल गार पडतो. तो तळहाताने चोळतो आणि काम चालू ठेवतो. पुलावरून मात्र जात नाही. लांबून, दुसऱ्या रस्त्याने जातो. रेघोट्याने कधी विचारलं नाही.

तात्या आता घरी असतात. ठसे रेघोट्या कोरतो. प्रत्येक चेहऱ्यात एक चूक ठेवतो, आणि साहेबांनी दाखवली तर म्हणतो, नजरचूक झाली. माज पुरता उतरला.

परवा तो टपरीवर बसून हेच टाइप करत होता, घाईघाईने, सुचेल तसं. खाच्याने मागून वाकून वाचलं. बराच वेळ वाचत होता. तोंडातली किल्ली काढली.

"मला परत उतरवतोयस."

रेघोट्या म्हणाला, पुसतो. आत्ता पुसतो.

"पुसू नकोस. आई म्हणते असं काही झालंच नाही. कुठेतरी असू दे." खाच्याने बोट उजव्या भुवईवरून फिरवलं. "पण यात मी पुरता आलोय रे. टपरी, सायकल, हसणं, सगळं."

रेघोट्याने फोन खाली ठेवला आणि त्याचा हात हातात घेतला. हात गरम होता, लोखंडाच्या भुग्याने काळा झालेला.

"तुझ्याबद्दलची एक गोष्ट यात चुकीची लिहितो," तो म्हणाला. "ठळक. आणि ती कुठली, हे मी कुणाला सांगणार नाही. शब्द देतो."